आठवीला हायस्कुलात नवीन आलात? मंडळं, मैदान आणि उपक्रमांत शिरायचं कसं

जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झालेली मुलं मोहोळ, माढा, अक्कलकोट, मंगळवेढा अशा तालुक्याच्या गावी आठवीला येतात, तेव्हा त्यांचा जून-जुलै कसा जातो हे मी दरवर्षी बघतो. वर्ग कुठला, तासाला कोणते सर, एसटी किती वाजता, डबा कुठे खायचा, यातच दोन महिने संपतात. तोवर एनसीसीची निवड झालेली असते, खो-खोचा संघ ठरलेला असतो, चित्रकलेच्या परीक्षेचे फॉर्म गेलेले असतात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की ही मुलं हॉलच्या खिडकीशी बघत उभी राहतात. त्यांच्यात काही कमी नसतं. त्यांना कोणी वेळेवर सांगितलेलं नसतं, एवढंच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या अशाच एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नव्याने आलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना जे दर जूनला तोंडी सांगत असतो, ते इथे लिहून काढलंय. जून उलटून गेला असला तरी वाचा, काही गोष्टींत दिवाळीनंतरही शिरता येतं.

पहिल्या पंधरवड्यात: विभागवाटप विचारा

शाळा सुरू होताना शिक्षकांची बैठक होते आणि वर्षाची कामं वाटली जातात. विज्ञान मंडळ कोणाकडे, वाङ्मय मंडळ कोणाकडे, स्काऊट, गाईड, हरित सेना, सांस्कृतिक विभाग, स्पर्धा परीक्षा कोणाकडे, याची यादी तयार होते. ती बहुतेक शिक्षककक्षात लावलेली असते, मुलांपर्यंत येत नाही. वर्गशिक्षकांना सरळ म्हणा, 'सर, यंदा कोणता विभाग कोणत्या सरांकडे आणि मॅडमकडे आहे, ते आम्हाला वर्गात सांगाल का?' एवढं विचारलेलं कुठल्याच शिक्षकाला आवडल्याशिवाय राहत नाही. नावं मिळाली की वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा.

दुसरं म्हणजे सूचना वही. शिपाईमामा वही घेऊन वर्गात येतात, सर तासाच्या मध्येच दोन ओळी वाचतात, सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. निम्मा वर्ग त्या वेळी बोलत असतो. निबंध स्पर्धेची तारीख, संघनिवडीची वेळ, फॉर्मची शेवटची मुदत, सगळं त्या दोन ओळींत असतं. ऐकू आलं नाही तर मधल्या सुट्टीत शिपाईमामांना गाठा. शाळेत काय चाललंय हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलही, पण तो फोन वडिलांसोबत शेतात किंवा कारखान्यात असतो आणि निरोप रात्री वाचला जातो.

सुरुवात परिपाठापासून करा

कशात भाग घ्यावा हे अजून कळत नसेल तर परिपाठ घ्या. तो रोज असतो, त्याला फी नाही, निवड चाचणी नाही आणि एसटी चुकण्याची भीती नाही. बहुतेक शाळांत आठवड्याला एकेका वर्गाची पाळी असते. सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा अशी कामं वाटली जातात. नव्या मुलाने दिनविशेष मागून घ्यावा. चार-पाच ओळींचं काम, पण त्यात बोलणं, शोधणं, लिहिणं तिन्ही येतं.

आता तो कसा करायचा ते दाखवतो. समजा तारीख १० ऑक्टोबर आहे. 'आज डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जयंती आहे' असं म्हणून मूल खाली बसलं तर रांगेतल्या कोणाच्याही डोक्यात काही राहत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'आज १० ऑक्टोबर. १९१० साली आजच्या दिवशी आपल्या सोलापुरात एक मुलगा जन्मला. तो डॉक्टर झाला. १९३८ साली युद्ध चालू असताना जखमींवर उपचार करायला तो चीनला गेला आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. त्याचं स्मारक सोलापुरात आहे.' माहिती तेवढीच, पण ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. १२ जानेवारीची पाळी आली तर १९३१ साली येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांबद्दल बोला. आधीच्या वर्षी, १९३० साली, सोलापुरात मार्शल लॉ का लागला होता हे इतिहासाच्या सरांना विचारून घ्या. इथल्या मुलाच्या तोंडून हे ऐकताना मोठी माणसंही थांबतात.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे अनेकांच्या घरी कन्नड बोलतात, शहरात तेलुगू, उर्दूही. या मुलांना माइकसमोर मराठी बोलायचा संकोच असतो, कारण 'ते पुस्तक'चं 'ती पुस्तक' झालं की कोणीतरी हसतं. त्यांनी आधी लिहून आणावं, मराठीच्या मॅडमना एकदा दाखवावं आणि घरी मोठ्याने तीनदा वाचावं. महिन्याभरात हसणारे गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि शिक्षकहो, बोधकथा एखाद्या दिवशी कन्नडमध्ये किंवा तेलुगूत होऊ द्या. बाकीच्या मुलांना कळेल की ज्याला आपण हसतो त्या मुलाला आपल्याला न येणारी एक अख्खी भाषा येते.

मग एक काहीतरी धरा

तीन-चार ठिकाणी नावं देऊन ठेवणारी मुलं सप्टेंबरात सगळीकडून गळतात. आठवी आणि नववी अशी दोन वर्षं हातात आहेत. त्या दोन वर्षांत एक गोष्ट नीट करा, सोबत परिपाठ असू द्या.

एनसीसी करायची असेल तर आठवीतच. शाळेच्या पातळीवरचं प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं आणि त्यानंतर 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा होते. नववीत जाग आली तर दोन वर्षं भरत नाहीत. वय किमान १३ लागतं. जागा मोजक्या असतात, म्हणून निवडीच्या दिवशी धावणं, उंची वगैरे बघतात. जुलैपासून रोज सकाळी गावच्या रस्त्यावर थोडं पळत राहा. परेडची हजेरी आणि शिबिर दोन्ही महत्त्वाचं, तेव्हा शनिवारी शेतात काम आहे म्हणून परेड बुडवणार असाल तर आधीच घरी बोलून घ्या. सगळ्याच शाळांत एनसीसी नसते. नसेल तिथे बहुधा स्काऊट-गाईड असतं, आणि ते काही कमी नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, अशी त्याची चढण आहे. गाठी मारणं, तंबू उभारणं, प्रथमोपचार, खरी कमाई यांतून मूल लवकर धीट होतं.

मैदानावर जायचं असेल तर जुलैतच क्रीडाशिक्षकांना भेटा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. आपला जिल्हा पुणे विभागात येतो. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात आणि वय १ जानेवारीच्या हिशेबाने धरतात. इथे नव्या मुलांचा एक फायदा आहे. आठवीतली बरीच मुलं जन्मतारखेनुसार अजून १४ खालच्या गटात बसतात आणि शाळेला त्या गटात खेळाडू कमी पडत असतात. आपली तारीख सरांना आधीच सांगा. जन्माचा दाखला आणि आधारवरची तारीख एकच आहे का, हेही बघून ठेवा, कारण स्पर्धेच्या सकाळी हे निस्तरत नाही. खो-खोला दोन खांब, फक्की आणि पळणारे पाय एवढंच लागतं, म्हणून छोट्या शाळा या खेळात मोठ्या शाळांना जड जातात.

चित्रकला आवडत असेल तर शासकीय रेखाकला परीक्षा द्या, आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव कलाशिक्षक शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी घेतात. मुलं रंगावर जीव टाकतात आणि भूमितीत मार खातात. कंपासपेटी चांगली घ्या, पेन्सिलीला टोक ठेवा.

लेझीमबद्दल वेगळं सांगायची गरज सोलापूरकरांना नाही. शिवजयंतीला, गणपतीला जे रस्त्यावर दिसतं त्याची सुरुवात अनेकांच्या बाबतीत शाळेच्या पथकात झालेली असते. मुलींनी हातात लेझीम घ्यायला अजिबात मागे राहू नये.

विज्ञान मंडळ आणि इन्स्पायरचे ५ प्रस्ताव

हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाची थर्माकोलची मॉडेलं दरवर्षी येतात. ती मोबाईलवर बघून केलेली असतात आणि परीक्षकांनी ती शंभरदा पाहिलेली असतात. याहून वेगळी संधी म्हणजे केंद्र सरकारची इन्स्पायर अवॉर्ड-मानक योजना. सहावीपासून पुढच्या मुलांनी सुचवलेल्या कल्पनांमधून शाळा ५ निवडून ऑनलाइन पाठवते आणि निवड झालेल्या मुलाला ते उपकरण बनवायला १०,००० रुपये मिळतात. पाचच प्रस्ताव जाणार असल्याने जुलैत विज्ञानाच्या शिक्षकांकडे कल्पना लिहून द्या. पैसे विद्यार्थ्याच्या नावच्या खात्यात जमा होतात, म्हणून बँकेचं खातं आधीच काढून घ्या.

कल्पना सुचत नाही, असं मुलं म्हणतात. घरात बघा. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, त्यांतली एखादी तुमची आई असेल. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, एका हाताला कात्री आणि पत्रा, दुसऱ्या बाजूला भिजवलेली पानं. आई दिवसभर मान खाली घालून बसते आणि रात्री तिचा खांदा धरतो. आता वही घ्या आणि चार प्रश्न लिहा. त्रास नेमका कुठे होतो? दिवसातून किती वेळ? आई सध्या त्यावर काय उपाय करते? सूप किती उंच असलं तर मान वाकवावी लागणार नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरीच मिळतं. सुपाखाली पाट ठेवा, मग पाटावर पुस्तकं रचत जा, आणि आईला कुठल्या उंचीला बरं वाटतं ते मोजपट्टीने मोजून लिहा. एवढी नोंद घेऊन मुलगी माझ्याकडे आली तर प्रस्ताव निम्मा तयार झाला असं मी समजतो. मागावर काम करणाऱ्या वडिलांचे कान, डाळिंबाची फवारणी करताना चुरचुरणारे डोळे, हुरडा भाजताना पोळणारे हात, असं कुठूनही सुरू करता येतं.

नववीत असाल तर होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे. ती सहावी आणि नववीसाठी असते. आठवीच्या मुलांनी एनएमएमएसचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, फॉर्म मात्र चुकवू नये. तो मंडळाचा उपक्रम नसला तरी त्याचं मार्गदर्शन शाळेत याच वेळी चालतं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते.

एसटीने येणाऱ्यांसाठी

खरी अडचण इथे आहे. उपक्रम शाळा सुटल्यावर असतात आणि वाडीवरची गाडी शाळा सुटल्यावर लगेच असते. ती गेली की पुढची अंधारात. त्यामुळे सरावाला गावातली मुलंच राहतात आणि संघातही तीच दिसतात. याला 'बाहेरगावच्या मुलांना रस नसतो' म्हणणं अन्यायाचं आहे.

यावर काय करता येतं? एकाच मार्गावरच्या सगळ्या मुलांची नावं, गावं आणि गाडीची वेळ एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. सराव सकाळी शाळा भरण्याआधी किंवा मधल्या सुट्टीला जोडून घ्यावा अशी विनंती करा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपार मोकळी असते, तेव्हा आठवड्याचा लांब सराव शनिवारी ठेवता येतो. मुलं पुरेशी असतील तर शाळेच्या पत्रावर, पालकांच्या सह्यांसह, आगारप्रमुखांना गाडीची वेळ थोडी पुढे करण्यासाठी अर्ज द्यावा. सोबत ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. अर्ज केला की लगेच होईल असं नाही, पण न करता तर होतच नाही. पासाचं काम जूनमध्येच उरका. विद्यार्थ्यांना मासिक पासात सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे.

आईवडिलांना एक कळकळीचं सांगणं. मुलगी सरावाला थांबणार म्हटलं की पहिली काळजी 'येणार कशी' ही असते, आणि ती रास्त आहे. म्हणून नुसतं 'नको' म्हणण्याआधी शाळेत या. कोण शिक्षिका थांबतात, किती वाजता सोडतात, सोबत गावातल्या आणखी कोण मुली आहेत, हे समोरासमोर विचारा. दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीने कोणीतरी स्टँडवर थांबायचं ठरवलं की प्रश्न सुटतो. अभ्यासावर परिणाम होईल ही दुसरी भीती. त्यासाठी पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत तिला सरावाला जाऊ द्या, मग ठरवा.

शाळेत मंडळच नसेल तर

असं होतं. कागदावर मंडळ असतं, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि पुढे वर्षभर काही नाही. तक्रार करत बसण्यापेक्षा भित्तिपत्रक सुरू करा. पाच-सहा जण, एक मार्गदर्शक शिक्षक आणि भिंतीवरची एक जागा, बस. मुख्याध्यापकांना अर्ज चार ओळींचा: आम्ही अमुक वर्गाचे विद्यार्थी दर महिन्याला एक भित्तिपत्रक लावू इच्छितो, अमुक सर मजकूर तपासतील, कृपया जागा मिळावी.

कार्डशीट, स्केचपेन, डिंक आणि टाचण्या एवढा खर्च. जागा व्हरांड्यातली घ्या, पण पावसाची झड येणारी भिंत नको. प्लायवूडचा जुना फळा मिळाला तर सगळ्यात बरं. अक्षर दोन हातांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणून एका कार्डशीटवर फार मजकूर कोंबू नका. आणि मजकूर? मोबाईलवरून उतरवलेले सुविचार आणि 'पाणी वाचवा' कोणी थांबून वाचत नाही. शिपाईमामा शाळेत आले तेव्हा शाळा कशी होती, रात्रीच्या मुक्कामी गाडीचे चालक कुठे झोपतात, कोणाचे आजोबा सोलापूरच्या गिरणीत होते आणि भोंगा किती वाजता व्हायचा, या आठवड्याला बाजारात ज्वारीचा काय भाव निघाला, हे लिहा. मुलाखतीला जाताना प्रश्न लिहून न्या, ज्यांचं लिहिलंय त्यांना लावण्याआधी वाचून दाखवा.

पहिला अंक १५ ऑगस्टला लावा. झेंडावंदनाला पालक आलेले असतात, ते थांबून वाचतात. पुढचा १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तोवर जमलेल्या मजकुरातून निवडक घेऊन हस्तलिखित तयार करता येतं. अंक काढल्यावर कार्डशीट फेकू नका, गुंडाळी करून ग्रंथालयात ठेवा.

बाहेर जायचं तर

क्षेत्रभेटीची मागणी मुलांकडून गेली तर शाळा लवकर हलते. जागा सुचवताना कारण सांगा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे. माळढोक आता फार दुर्मीळ झालाय, दिसेलच असं समजून जाऊ नका, पण काळवीट दिसतात आणि आपल्याकडचा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे हे तिथे गेल्यावर पटतं. हिवाळ्यात, सकाळी लवकर जा, वनविभागाची परवानगी शाळेने आधी घ्यावी. सोलापुरात केगावकडे विज्ञान केंद्र आहे. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव एकमेकांना लागून आहेत, इतिहास मंडळ आणि हरित सेना दोघांचं काम एका दिवसात होतं. शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात सवलत असते, ती शाळेने मागावी. मार्चनंतर उन्हामुळे कुठलीच भेट ठेवू नका.

कागदपत्रं सांभाळा

एक प्लास्टिकची फाईल घ्या. स्पर्धेचं प्रमाणपत्र, रेखाकलेचा निकाल, स्काऊटचं सोपान प्रमाणपत्र, जे मिळेल ते त्यात जाऊ द्या, भिंतीवर खिळा ठोकून लावू नका. झेरॉक्स काढून वेगळी ठेवा. क्रीडा, रेखाकला परीक्षा, एनसीसी, स्काऊट-गाईड, शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी दहावीला शासनाच्या नियमाप्रमाणे वाढीव गुण मिळू शकतात, पण प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो आणि त्याला मुदत असते. म्हणून दहावीच्या पहिल्या सत्रातच फाईल कार्यालयात नेऊन कारकून काकांना दाखवा आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं ते विचारून घ्या. प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतल्या, नावाशी जुळतंय का, हे मात्र ते हातात पडेल त्याच दिवशी बघा. वडिलांच्या नावातला एक काना चुकला असला तर आयोजक समोर असतानाच दुरुस्त होतो, दोन वर्षांनी त्यांना शोधत फिरावं लागतं.